हालाँगची बोट: रात्र पाण्यावर काढावी की कात बा बेटावर?

पाणकावळा

फेब्रुवारीच्या शेवटी व्हिएतनामला निघतोय. मी आणि एक मित्र, पाठीवर सॅक, मुंबईहून थेट हनोई, पुढे रेल्वे आणि बसने जमेल तसं दक्षिणेकडे. निन्ह बिन्ह ठरलंय, ह्युए ठरलंय. गाडी अडलीये ती हालाँगच्या उपसागरापाशी.

तिथे बोटीवर एक रात्र काढावी असं डोक्यात आहे. समुद्रातून वर आलेले चुनखडीचे सुळके, त्यातून जाणारी बोट, फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. पण वाचायला बसलो की निम्मे म्हणतात आयुष्यात एकदा कराच आणि निम्मे म्हणतात पर्यटकांचा कारखाना आहे, पैसे वाचवा. त्यात फेब्रुवारीत तिथे धुकं असतं, सूर्य दिसत नाही, असंही कळलं. मित्राचं म्हणणं, धुकंच बघायचं असेल तर जुलैत माळशेजला जाऊ, विमानाचं तिकीट तरी वाचेल.

जाऊन आलेल्यांनी सांगा. रात्र बोटीवर, की कात बा बेटावर स्वस्तात राहून दिवसाची बोट? मित्र शाकाहारी आहे, अंडंही नाही. पार्टी बोट नको, ते वय गेलं.

निवांतराव

कारखानाच आहे. "दोन दिवस एक रात्र" म्हणून विकतात, प्रत्यक्षात दुपारी साडेबाराला चढवतात आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत उतरवतात, कारण बाराला पुढची बॅच उभी असते. त्यात जेवण, गुहा, कयाक, टिटॉव्ह बेट, जेवण, झोप, सकाळी डेकवर ताई ची, नाश्ता, चेकआउट. हनोईहून येताना वाटेत मोत्यांच्या नाहीतर भरतकामाच्या दुकानात सक्तीचा थांबा. गुहेत पुढच्याच्या सॅककडे बघत चालायचं.

कात बावर राहा. निम्म्या पैशात होतं.

मुक्ता_भटकते

निवांतरावांनी लिहिलेलं सगळं खरं आहे आणि तरीही मी रात्रीच्या बोटीच्या बाजूने आहे.

तुम्ही पैसे कशाचे देताय ते बघा. गुहा, बेट, कयाक हे सगळं दिवसाच्या बोटीतही मिळतं. दिवसाच्या बोटी चार-पाचपर्यंत बंदराकडे वळतात. तिथपासून सकाळी आठपर्यंत त्या पाण्यावर फक्त नांगरलेल्या बोटी असतात. ते तास विकत घ्यायचे. बाकी कार्यक्रम हा त्याच्या भोवतीचा भरणा. गुहा चुकवलीत तरी चालेल, पण पहाटे साडेपाचला डेकवर या. मी एकटी गेले होते, दोघींच्या केबिनमध्ये एका अनोळखी मुलीबरोबर. एकट्याने पूर्ण केबिन मागितली की जवळपास दुप्पट लावतात, म्हणून आधीच सांगायचं की वाटून घ्यायला तयार आहे.

आणि धुक्याबद्दल: निळं आकाश असलं की सुळके सगळे एकसारखे हिरवे दिसतात, अंतरच कळत नाही. धुक्यात जवळचा काळा, मागचा राखाडी, त्यामागचा नुसती रेघ. मला तरी तेच आवडलं. पण हे धुकं पातळ असेल तर. दाट असेल तर रेलिंगपलीकडे पांढरा पडदा, विषय संपला.

टोंकिनचा_तात्या

हनोईत नोकरीनिमित्त राहतो, पाहुण्यांना तिकडे नेणं हा माझा जोडधंदा झालाय (बिनपगारी). जरा सविस्तर लिहितो.

लोक "हालाँग" म्हणतात त्यात खरं तर तीन शेजारी उपसागर आहेत. मधला हालाँग, ईशान्येला बाय तू लाँग आणि दक्षिणेला कात बा बेटाला लागून लान हा. दगड तोच, पाणी तेच. फरक गर्दीचा. सुंग सोत गुहा आणि टिटॉव्ह बेट मधल्या भागात, म्हणून सगळी झुंबड तिथे. हालाँग क्वांग निन्ह प्रांतात, लान हा हायफाँग शहराच्या हद्दीत. परवाने वेगळे, प्रवेशशुल्क वेगळं, एका हद्दीची बोट दुसरीकडे मनात येईल तशी घुसत नाही. त्यामुळे बोटीचं नाव आणि खोल्यांचे फोटो बघण्याआधी ती कुठल्या पाण्यात फिरते आणि नांगर कुठे टाकते हे विचारा. दोघांना माझा सल्ला लान हा किंवा बाय तू लाँग.

युनेस्कोच्या यादीत हालाँग १९९४ साली आला, २००० साली भूरचनेसाठी पुन्हा, आणि २०२३ मध्ये कात बाचा द्वीपसमूहही त्यात धरला. बेटं आणि बेटुकल्या मिळून सोळाशेच्या आसपास, बहुतेकांवर पाय ठेवायलाही जागा नाही.

रस्ता आता सोपा आहे. २०१८ पासून हनोई ते हालाँग सगळा एक्सप्रेसवे झाला, नऊ-अकरा आसनी व्हॅन अडीच-तीन तासांत पोचवते. पूर्वी चार तास आणि कंबर हातात. कात बाला बस आणि फेरी, किंवा २०२० पासून समुद्रावरून जाणारी केबल कार.

आता धुकं. हिवाळ्याच्या पहिल्या भागात ईशान्येचा वारा चीनकडून जमिनीवरून येतो, थंड आणि कोरडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच वारा समुद्रावरून वळसा घालून येतो, बाष्प उचलतो आणि किनाऱ्याच्या गार पाण्यावर आला की धुकं आणि बारीक भुरभुर. हनोईत या दिवसांत भिंतींना आणि फरशीला अक्षरशः घाम सुटतो, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. तापमान पंधरा-वीस, पण ओलं असल्याने हाडात शिरतं. पातळ विंडचीटरवर भागणार नाही, आत स्वेटर हवा.

स्वच्छ आकाश हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून ते सप्टेंबर ऊन, पाऊस आणि वादळं.

सगळ्यात महत्त्वाचं: बोट सोडायची की नाही हे बोटवाला ठरवत नाही, बंदराचे अधिकारी ठरवतात. दाट धुकं किंवा वादळाचा इशारा असेल तर सगळ्या बोटी बंद. तेव्हा हालाँगच्या दुसऱ्याच दिवशी ह्युएचं तिकीट काढू नका.

खडप

तात्या, भारी माहिती. मी रत्नागिरीकडचा, म्हणून एक गोष्ट तिथे डोक्यात बसेना ती सांगतो. सकाळी बोटीवर उठून बघितलं तर पाणी उतरलेलं. म्हटलं दुपारी भरती लागेल. दुपारीही उतरतंच. बोटीवरच्या पोऱ्याला खुणेने विचारलं तर तो हसायला लागला.

हालाँग ज्यात येतं त्या टोंकिनच्या आखातात दिवसाला भरती एकच आणि ओहोटी एकच. आपल्याकडे सहा-सव्वासहा तासांनी पाणी फिरतं, तिथे बारा तास चढणार, बारा तास उतरणार. आणि उधाणही आपल्यासारखं अमावास्या-पौर्णिमेला धरून नाही, चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला-दक्षिणेला सगळ्यात लांब असतो तेव्हा. मधे चंद्र विषुववृत्तावर आला की पाणी हलल्यासारखंच वाटत नाही. मोठ्या उधाणाला फरक चार मीटरच्या आसपास जातो. न्यूटननेसुद्धा सतराव्या शतकात या टोंकिनच्या भरतीवर डोकं चालवलं होतं. आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तिथल्या चंद्राला काम कमी आहे.

याचा उपयोग असा की कयाकने ज्या बुटक्या बोगद्यांतून आत जातात (लुओन गुहा वगैरे) तिथे पाण्याच्या पातळीवर सगळं अवलंबून. पाणी फार चढलं की छत डोक्याला. आणि ओहोटीला सुळक्यांची बुडं बघा, पाण्याच्या रेषेला दगड आत खाल्लेला असतो, वर आ वासलेली कड, तिला शिंपल्या चिकटलेल्या. चुनखडी आहे म्हणून. आपल्या काळ्या कातळाला असली खाच अशी सरळ पडत नाही.

गडकोट_७

छान धागा. अवांतर, पण व्हिएतनामचा विषय निघालाय म्हणून: अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून, असं त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः सांगितलं होतं ना? तिथे काही स्मारक वगैरे आहे का, तात्या?

शंकासुर

आला. मी वाटच बघत होतो. कुठल्या राष्ट्राध्यक्षांनी, कुठे, कधी? भाषणाची तारीख, वर्तमानपत्राचं कात्रण, काहीही चालेल. दरवर्षी १९ फेब्रुवारीला हा मेसेज येतो आणि दरवर्षी मी हेच विचारतो.

टोंकिनचा_तात्या

गडकोट, मी तरी इथे असं काही पाहिलेलं नाही, आणि इथल्या सहकाऱ्यांना विचारलं तर त्यांना ठाऊक नाही. महाराज मोठे ठरायला व्हिएतनामच्या शिफारसपत्राची गरज नाही.

पण तुम्हाला खरा गनिमी कावा बघायचा असेल तर तो याच पाण्याशेजारी आहे. हालाँगच्या पश्चिमेला बाक दांग नदीचं मुख. १२८८ साली इथला सेनापती त्रान हुंग दाओ याने तिथे मंगोलांचं आरमार बुडवलं. नदीच्या तळाशी लोखंडी टोकं लावलेले लाकडी खुंट रोवले, भरतीला ते पाण्याखाली दिसेनासे झाले, छोट्या होड्यांनी हूल देत शत्रूला आत ओढलं आणि ओहोटी लागताच मोठी जहाजं खुंटांवर अडकली. खडप यांनी वर भरतीचं लिहिलंय ते इथे जोडून वाचा. पाणी एकदा उतरायला लागलं की तास न् तास उतरतच राहतं, सुटायला वाव नाही. हीच युक्ती न्गो क्वेनने त्याच नदीत ९३८ साली चिनी आरमारावर वापरली होती. खुंट आजही त्या भागातल्या भातखाचरांत सापडतात. हालाँगमधल्या दाऊ गो गुहेत ते खुंट साठवले होते अशी दंतकथा आहे. तिला मी दंतकथाच म्हणेन.

गडकोट_७

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. शिफारसपत्र मागे घेतो :)

गोडलिंबू

शाकाहारी मित्राचं कोणी बोललंच नाही! बुकिंग करतानाच लेखी सांगा आणि बोटीवर चढल्यावर परत सांगा. कागदावर व्हिएतनामीत लिहून न्या, उच्चाराच्या भानगडीत पडू नका. नुसतं "मांस नको" म्हटलं तर मासे येतात, "मासे नको" म्हटलं तर भाजीत माशाचं पाणी, म्हणजे न्योक माम, येतं. ते त्यांच्या स्वयंपाकात आपल्या हिंगासारखं सगळीकडे. "चाय" हा बौद्ध शाकाहार म्हटलं की मात्र त्यांना नेमकं कळतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक स्वतःही तसं खातात, शास्त्रशुद्ध चायमध्ये कांदा-लसूणही नसतो. अंड्याचं मात्र वेगळं सांगा, सकाळच्या नाश्त्याला समोर ऑम्लेटच ठेवतात.

बोटीवर तळलेला टोफू, लसणीवर परतलेली नाळीच्या भाजीसारखी पालेभाजी, स्प्रिंग रोल आणि भात मिळतो. वाईट नसतं, फक्त प्रत्येक जेवणाला तेच. आम्ही मेतकूट नेलं होतं. गरम भात आणि मेतकूट, बाहेर भुरभुर. शेजारच्या टेबलावरच्या फ्रेंच आजीबाईंनी मागून घेतलं.

तांडेल

मर्चंट नेव्हीत आहे. हौस म्हणून सगळे लिहितायत, मी कोरडं लिहितो.

२०११ च्या फेब्रुवारीत याच उपसागरात टिटॉव्ह बेटाजवळ नांगरलेली बोट पहाटे बुडाली, प्रवासी केबिनमध्ये झोपेत होते, १२ जण गेले. २०२५ च्या जुलैत दिवसाची बोट अचानक आलेल्या वादळात उलटली, तीसहून अधिक गेले. २०२४ च्या सप्टेंबरात यागी वादळाने कितीतरी बोटी बंदरातच बुडवल्या. घाबरवायला सांगत नाही. तिथलं पाणी बेटांच्या आडोशाला शांत असतं, त्यामुळे लोकांना तलावात असल्यासारखं वाटतं, म्हणून सांगतोय.

चढल्यावर पहिलं काम: केबिनमधलं लाइफ जॅकेट बाहेर काढून अंगावर बसतं का बघा. खिडकी आतून उघडते का, उघडल्यावर माणूस बाहेर निघेल एवढी आहे का. दोन जिने आहेत की एकच. जमल्यास खालच्या डेकवरची खोली टाळा. लाकडी बोटी आता कमी होऊन पोलादी बांधणीच्या आल्यात, मिळत असेल तर पोलादीच घ्या, फोटोत लाकडी शिडांची छान दिसते म्हणून घेऊ नका. तसंही ती शिडं शोभेचीच, बोट चालते डिझेलवर. आणि बंदराने बोटी थांबवल्या तर हुज्जत घालू नका.

मुक्ता_भटकते

तांडेल +१. खिडकीचं मीही बघितलं नव्हतं, पुढच्या वेळी बघेन.

एक प्रश्न तात्यांना: तरंगती गावं आता उरली आहेत का? मला एका बाईंनी वल्हवत फिरवलं, पण घरं रिकामी वाटली.

टोंकिनचा_तात्या

हालाँगमधली बरीचशी नाहीत. कुआ वान, वुंग विएंग वगैरे गावांतली तीनशेहून जास्त कुटुंबं २०१४ मध्ये सरकारने किनाऱ्यावर वसवली. मुलांची शाळा, दवाखाना, पाण्यात जाणारी घाण ही कारणं. कारणं खोटी नाहीत, पण पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगलेल्यांना शहराच्या कडेच्या वसाहतीत काम काय मिळणार? त्यातली काही माणसं रोज परत येऊन पर्यटकांची होडी वल्हवतात. तुम्हाला फिरवलेल्या बाई बहुधा त्यातल्याच. कात बाच्या बाजूला काय बेओ इथे अजून लोक पाण्यावर राहतात, मत्स्यशेती आहे, कुत्री भुंकतात.

पाणकावळा

मंडळी, जाऊन आलो. उत्तरं न देता गायब होणाऱ्यांतला मी नाही.

लान हाची बोट घेतली, पोलादी, मधली खोली. माणशी शंभर डॉलरच्या वर थोडं पडलं, त्यात व्हॅन, जेवणं आणि कयाक आलं. पेयं वेगळी, आणि बाटलीबंद पाण्याचा भाव बघून मित्राने सॅकमधून स्वतःची बाटली काढली. मोत्यांच्या दुकानातला थांबा झाला. निवांतराव, तुमची फार आठवण आली.

बंदरावर पोचलो तेव्हा पलीकडचा धक्का दिसत नव्हता. बोटी थांबवलेल्या. दीड-दोन तास प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. मित्र माळशेजबद्दल काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग धुकं उचललं, म्हणजे पाण्यावरून वर चढलं आणि सुळक्यांच्या कमरेशी अडकलं, आणि कुठलातरी शिक्का बसून सगळ्या बोटी एकदम निघाल्या. वेळ गेल्यामुळे गाइडने गुहा रद्द केली. एक इटालियन जोडपं त्याच्याशी भांडलं. आम्हाला मुक्ताताईंचं वाक्य पाठ होतं, आम्ही गप्प.

पाचनंतर काय होतं ते आता कळलं. आधी कर्ण्यावरची गाणी बंद होतात. मग इंजिन बंद. मग आपल्याला कळतं की इतका वेळ किती आवाज होता. भिंतीसारख्या उभ्या कड्यांमध्ये बोट नांगरलेली, वरून घारी, एका सुळक्यावर माकडं आहेत असं गाइड म्हणाला पण दिसली नाहीत. (कात बाचे सोनेरी डोक्याचे लंगूर असतील या आशेवर होतो. जगात शंभराच्या आतच उरलेत म्हणतात, ते आमच्यासाठी कुठले बाहेर येतात.) रात्री बोटीच्या कडेला दिवा लावून माकुल मासे पकडायचा कार्यक्रम होता. कोणालाच काही लागलं नाही. दिव्याखाली एक छोटा माकुल येऊन सगळ्यांचे गळ बघून गेला.

सकाळी साडेपाचला डेकवर गेलो तर मित्र आधीच तिथे, ब्लँकेट गुंडाळून. दिसत होते फार तर तीन-चार सुळके, बाकी पांढरं. भुरभुर चालू. जवळच्या मत्स्यशेतीवरून कोंबडा आरवला. समुद्रात कोंबडा! ताई चीला आम्ही दोघं आणि एक जर्मन आजोबा.

खडप, पाण्याच्या रेषेची खाच बघितली. कयाकने तिच्या खाली जाऊन हात लावला. शिंपल्यांनी बोट कापलं, तेवढी आठवण.

मित्र टोफू खाऊन कंटाळला, पण लेखी चिठ्ठी कामाला आली, अंडं एकदाही आलं नाही. मेतकूट न्यायला हवं होतं असं त्यानेच म्हटलं.

निवांतराव

म्हणजे दोन तास खुर्चीवर, गुहा रद्द, मासा नाही, माकड नाही, सूर्य नाही. आणि तुम्ही खूश. तुमच्यापुढे काय बोलणार. मी कात बावरच राहणार.

पाणकावळा

राहाच. आम्हीही उतरल्यावर कात बावरच राहिलो, निम्म्या पैशात :)

गोडलिंबू

फोटो दिसत नाहीयेत हो.

सायली_नाशिक

धागा साठवला. आम्ही ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन जायचा विचार करतोय, बाबांचे गुडघे दुखतात. टिटॉव्ह बेटाच्या पायऱ्या टाळता येतात का? आणि व्हिसा आधी काढावा लागतो का?

टोंकिनचा_तात्या

टिटॉव्ह बेटावर पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत, पण चढायची सक्ती नाही. खाली छोटी पुळण आहे, बाबा तिथे बसू शकतात, गेरमान टिटॉव्हचा पुतळाही खालीच आहे. १९६२ मध्ये हा रशियन अंतराळवीर हो ची मिन्ह यांच्यासोबत इथे आला होता, म्हणून बेटाला त्याचं नाव. सुंग सोत गुहेत मात्र चढउतार आहे आणि रांग मागून ढकलत असते, ती सोडा. गुडघ्यांना खरा त्रास मोठ्या बोटीवरून छोट्या होडीत उतरताना होतो, बुकिंग करताना सांगितलं तर हात द्यायला माणूस ठेवतात. खोली मधल्या डेकवर मागा, जेवणघराच्या जवळची.

व्हिसा ऑनलाइन काढा, सरकारी संकेतस्थळावरूनच. एका प्रवेशाचे २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं भरा, वडिलांच्या नावासकट.